वाद्याविण गाणारें वऱ्हाड

भाद्रपदाची पौर्णिमा आली कीं वऱ्हाडांत भुलाबाई बसतात. तेथून कोजागिरीपर्यंत महिनाभर, दिवेलागणीनंतर, मुलींचा मेळा घरोघर जातो. मातीच्या भुलाबाई-भुलोबांपुढें गाणीं म्हणतो, झांकलेली खिरापत ओळखतो आणि पुढच्या घराची वाट धरतो. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्त्यांतून ही चाल आतां विरळ झाली असली, तरी नाहींशी झालेली नाहीं. या मेळ्याजवळ पेटी नसते, तबला नसतो. फार तर टिपऱ्या असतात, नाहीं तर टाळ्या. तरीहि गाणें अडत नाहीं.

केवळ कंठावर चालणाऱ्या समूहगायनास युरोपांत ‘अ कापेल्ला’ असें म्हणतात. या इटालियन शब्दांचा अर्थ ‘प्रार्थनामंदिराच्या रीतीनें’ असा आहे. तिकडे निरनिराळे आवाज एकाच वेळीं निरनिराळे स्वर धरतात आणि त्यांच्या मेळांतून गाणें उभें राहतें. आपल्याकडे सर्वांचा स्वर एकच असतो. एकानें ओळ उचलावी आणि इतरांनीं ती झेलावी. असा मेळा वऱ्हाडांत कसा जमला, कसा वाढला आणि त्यांत कोणाकोणाला जागा मिळाली, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

त्याचें मूळ जात्यापाशीं आहे. ज्वारी दळणें हें अंगमेहनतीचें काम. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसत. एक ओवी म्हणे, दुसरी तिला साथ देई, आणि जात्याची घरघर तंबोऱ्यासारखी खालीं चालू राही. साथ करणारीला मिळे तो स्वर आणि म्हणणारीला मिळे ती उसंत. ही देवाणघेवाण हाच समूहगायनाचा पहिला पाठ होय. पुढें पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे श्रम वांचले, हें चांगलेंच झालें. परंतु ओवीचें कामहि त्याबरोबर सुटलें.

जात्यावरचें गाणें घराच्या भिंतींआड राहिलें. भुलाबाईच्या मेळ्यानें तें आळींत आणलें. पण हजारोंच्या जमावाला एक कंठ देण्याचें श्रेय एका निरक्षर माणसाकडे जातें. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं परीट कुळांत झाला. त्यांचें बालपण अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे येथें, मामाच्या घरीं, गुरें राखण्यांत गेलें. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. त्यानंतर दिवसा खराट्यानें गांव झाडावें आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तन करावें, हा त्यांचा क्रम झाला.

त्या कीर्तनाचा भार वाद्यांवर नव्हता, श्रोत्यांवर होता. बाबा वऱ्हाडी बोलींत प्रश्न विचारीत आणि उत्तर समुदायाकडून घेत. मध्येंच गोपालनामाचा घोष सुरू करीत आणि सारा जमाव तो उचलून धरी. ज्याला ताल कळत नाहीं, अक्षर येत नाहीं, तोहि त्या घोषाचा भागीदार होई. ज्या काळीं अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यास पंढरपुरांत उतरावयास जागा मिळत नसे, त्या काळीं हें घडलें, हें विसरूं नये. याच कीर्तनांतून लोकांची मदत उभी राहिली आणि पंढरपुरास चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा बांधली गेली. ती बाबांनीं १९४९ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

याच तऱ्हेची एक गोष्ट अमेरिकेंत घडलेली आहे. नॅशव्हिल येथें १८६६ मध्यें मुक्त झालेल्या गुलामांसाठीं फिस्क नांवाची शाळा निघाली. ती कर्जांत बुडूं लागली, तेव्हां १८७१ मध्यें तेथील कांहीं विद्यार्थी गावयास बाहेर पडले. गुलामगिरींतलीं भजनें ते बहुतांशीं वाद्यांविना गात. त्यांनीं इंग्लंडपर्यंत प्रवास केला आणि मिळालेल्या पैशांतून शाळेची भव्य इमारत उभी केली. ज्यांच्यापाशीं कंठावांचून दुसरें भांडवल नव्हतें, त्यांनीं दोन्हीं ठिकाणीं कंठावरच घर बांधलें.

गाडगेबाबांनीं जमावाला गातें केलें. तुकडोजी महाराजांनीं त्या गाण्याला नेम लावला. १९०९ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें त्यांचा जन्म झाला. १९३५ सालीं त्यांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांच्या हातीं खंजिरी असे, म्हणून त्यांच्या भजनास मी सर्वस्वीं वाद्यहीन म्हणणार नाहीं. परंतु तळहाताएवढें तें वाद्य केवळ ठेका देई. स्वर द्यावयाचा तो माणसांनींच. पुढें श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडीं निघाल्या आणि सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा नित्यनेम झाला. सर्वांनीं एकत्र बसावें आणि एका सुरांत म्हणावें. त्यांत जात विचारावयाची नाहीं, धर्महि विचारावयाचा नाहीं.

या आवाजाची शक्ति परक्या सरकारनेंहि ओळखली होती. ऑगस्ट १९४२ मध्यें चिमूर आणि आष्टी येथें उठाव झाले. त्यांस तुकडोजींच्या भजनांची चेतावणी आहे असें सरकारास वाटलें आणि त्याच महिन्यांत चंद्रपूर येथें त्यांना अटक झाली. खंजिरी वाजविणाऱ्या एका भजन्याला तुरुंगांत घालावें लागलें, तें त्याच्यामागें गाणाऱ्या हजारोंच्या भीतीनें.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवर वलगांवजवळ निवर्तले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मुंबईस वांद्रे येथें त्यांनीं केलेल्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण सुदैवानें आपल्यापाशीं आहे. तें ऐकतांना बाबांच्या आवाजाइतकेंच लक्ष समुदायाच्या आवाजाकडे द्यावें. ते गाणारे कोण होते, हें आज कोणीं सांगावें? पण ते गप्प बसले असते, तर तें कीर्तन झालेंच नसतें.

आपण नभोवाणीवर उत्तम गाणें ऐकतों आणि ऐकूनच संतुष्ट राहतों. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र येत्या आश्विनांत आपल्या दारीं भुलाबाईच्या मुली आल्या, तर खिरापत देऊन त्यांची बोळवण करण्यापूर्वीं क्षणभर त्यांच्यांत बसावें आणि एखादी ओळ त्यांच्यामागें म्हणावी. आपला सूर थोडा चुकला, तरी त्या मुली तो सांभाळून घेतील.