एक्सएसएलटीमधील नामजुळणी

एक्सएमएल दस्तऐवजाचे अन्य रूपात परिवर्तन करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेत, कोणत्या घटकाला कोणता नियम लावावयाचा हे त्याच्या नावावरून ठरविण्याची पद्धत. भाषेची पहिली आवृत्ती जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली.

प्रत्येक नियमाला, म्हणजे टेम्प्लेटला, ‘मॅच’ या गुणधर्मातून एक आकृतिबंध दिलेला असतो. ‘शीर्षक’ हा आकृतिबंध त्या नावाच्या सर्व घटकांशी जुळतो, तर ‘पुस्तक/शीर्षक’ हा केवळ पुस्तकाच्या थेट पोटातील शीर्षकाशी जुळतो (एक्सएमएलमध्ये अशी देवनागरी नावे वैध आहेत). एकाच घटकाशी अनेक नियम जुळल्यास अग्रक्रम पाहिला जातो. नुसत्या नावाचा अग्रक्रम ०, कोणत्याही घटकाशी जुळणाऱ्या तारांकनाचा उणे ०.५ आणि अधिक नेमक्या आकृतिबंधाचा ०.५ असतो.

खरी अडचण नामावकाशाची, म्हणजे नाव कोणत्या शब्दसंग्रहातील आहे हे सांगणाऱ्या ओळखीची आहे. पहिल्या आवृत्तीत उपसर्गाविना लिहिलेले नाव नामावकाशरहित मानले जाते; त्यामुळे मूळ दस्तऐवजात एक्सएचटीएमएलप्रमाणे पूर्वनिर्धारित नामावकाश असल्यास, दिसायला तंतोतंत तेच नाव असूनही नियम लागू होत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही आणि अंगभूत नियमांमुळे केवळ सुटा मजकूर बाहेर पडतो. यावर उपाय म्हणजे नियमावलीत तोच नामावकाश एखाद्या उपसर्गाला जोडणे. उपसर्ग मूळ दस्तऐवजातलाच असावा लागत नाही. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत उपसर्गरहित नावांसाठी नामावकाश ठरविण्याची सोय आली. केवळ स्थानिक नाव तपासण्याची पळवाट प्रचलित असली, तरी तीत भिन्न शब्दसंग्रहांतील समान नावांची गल्लत होत असल्याने ती टाळणेच इष्ट.