भावी शिक्षक आणि घरच्यांसमोरचा प्रयोग



अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीला विचारून पाहा, वर्गावर गेल्यावर काय शिकवायला आवडेल? भाषा, गोष्टी, इतिहास अशी उत्तरे चटकन येतात. विज्ञानाचे नाव काढले की ती गप्प होते. पुष्कळदा तिने दहावीनंतर कला शाखा घेतलेली असते. प्रयोग पाहिला असेल तर तो शिक्षकांच्या टेबलावर, आणि तोही दुरून. उद्या हीच मुलगी शिक्षिका म्हणून मुलांपुढे उभी राहणार. मग धडा वाचून दाखवायचा, उत्तरे फळ्यावर लिहून द्यायची आणि पुढे सरकायचे. अशा रीतीने एका पिढीची धास्ती दुसऱ्या पिढीच्या पदरात पडते. ही साखळी कशी तुटेल, हे इतिहासात शोधण्यासारखे आहे.

सुरुवात आपल्याच वारशापासून करू. इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैसम यांनी प्रकाशावर ‘किताब अल्-मनाजिर’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रयोग असा. एका छिद्रासमोर निरनिराळ्या जागी काही दिवे ठेवायचे. छिद्रापलीकडे अंधार आणि भिंत. जितके दिवे, तितके उजेडाचे ठिपके भिंतीवर पडतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणजे सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच छिद्रातून गेला तरी एकमेकांत मिसळून जात नाही. प्रत्येकाचा उजेड आपल्या सरळ वाटेने जातो. या थोर पुरुषाचा अभिमान आपण भाषणांतून बाळगतो. पण दोन मेणबत्त्या आणि भोक पाडलेला एक पुठ्ठा एवढ्यात होणारा हा प्रयोग आपल्यापैकी कितीजणांनी करून पाहिला आहे?

हाताने करून शिकण्याचा विचार आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर मांडला गेला तो महाराष्ट्राच्या भूमीवर. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले. पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले हे गृहस्थ त्या वेळी दिल्लीच्या जामिया मिल्लियाची धुरा वाहत होते. हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचे तर तसे शिकवणारे शिक्षक आधी हवेत, हे जामियाने ओळखले. म्हणून १९३८ मध्ये तेथे शिक्षकांच्या तालमीसाठी ‘उस्तादों का मदरसा’ सुरू झाला. मुलांचे शिक्षण बदलायचे तर आधी उस्तादाचे हात कामाला लागले पाहिजेत, हा त्यातला धडा.

विज्ञानाच्या बाबतीत हाच धडा मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, गिरवला गेला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या दोन संस्थांनी १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यांच्या मदतीला गेले. शिक्षकांच्या शिबिरात व्याख्याने झोडण्याऐवजी शिक्षकांनाच टोळ्या करून प्रयोगाला बसवीत. जो प्रयोग उद्या मुलांकडून करून घ्यायचा, तो आज आपण करायचा. चुकला तर का चुकला ते शोधायचे. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य या संस्थेने त्याची धुरा घेतली. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. परंतु साधा खेड्यातला शिक्षकही प्रयोगाला न घाबरता वर्ग चालवू शकतो, हे त्या तीस वर्षांनी दाखवून दिले.

या कामात आई-वडिलांनाही सोबत घेण्याची एक वाट अमेरिकेतून आली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील लॉरेन्स हॉल ऑफ सायन्समध्ये, मुली आणि अल्पसंख्य समाजातील मुले गणितात मागे पडू नयेत म्हणून १९७७ मध्ये काम सुरू झाले. त्यातूनच पालक आणि मुले एकत्र बसून गणित करतील अशा बैठका निघाल्या, आणि १९८६ मध्ये ‘फॅमिली मॅथ’ हे पुस्तक आले. याच धर्तीवर पुढे विज्ञानाच्याही कौटुंबिक संध्याकाळी भरू लागल्या आणि काही अध्यापक महाविद्यालयांनी त्या भरवण्याचे काम आपल्या विद्यार्थी-शिक्षकांवर सोपवले.

यातून आत्मविश्वास कसा येतो? १९७७ मध्येच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी याविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल ही खात्री चार वाटांनी येते: स्वतः केलेले काम जमल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहून, कोणी धीर दिल्याने आणि मनाची धडधड शांत झाल्याने. यांत सर्वांत बळकट वाट पहिली. कौटुंबिक संध्याकाळी या चारही वाटा एकत्र येतात. एकच प्रयोग एका कुटुंबानंतर दुसऱ्या कुटुंबापुढे दहा-बारा वेळा करावा लागतो. पहिल्यांदा कापणारा हात पाचव्या वेळी स्थिर होतो. शेजारच्या टेबलावरची मैत्रीणही तेच करीत असते. समोर परीक्षक नसतो. कुतूहलाने पाहणारे लहान भाऊ, अम्मी आणि दादी असतात.

आणि या घरच्या मंडळींकडे विज्ञान नसते असे समजू नका. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक अम्मीला ठाऊक आहे. त्याच डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. साबण अल्कली, लिंबू आम्ल आणि हळद ही त्यांची खूण सांगणारी. अम्मीने माहिती सांगायची आणि भावी शिक्षिकेने तिला कारणाची जोड द्यायची. एखाद्या मुलाने अडवणारा प्रश्न विचारला, तर “मला ठाऊक नाही, चल, करून पाहू” असे म्हणण्याचे धैर्य तिला तेथेच येते. चांगल्या शिक्षकाची खरी सुरुवात या वाक्यापासून होते.

पालकहो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेचे एक दालन, आठ-दहा टेबले, मेणबत्त्या, पुठ्ठे, हळद, साबण, लिंबू आणि प्रत्येक टेबलामागे दोन विद्यार्थी-शिक्षक एवढी तयारी पुरते. तुम्ही दिवसभराच्या कष्टातून दोन तास काढून मुलांसह यावे, मुलींनाही आवर्जून आणावे, आणि टेबलामागच्या त्या संकोची मुलीला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. तिचा प्रयोग फसला तर हसू नये. “पुन्हा कर, बेटी” एवढे म्हणावे.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री घरातला दिवा मालवा, दोन मेणबत्त्या लावा आणि मोठ्या माणसांना जवळ बसवून पुठ्ठ्याच्या भोकातून पडणारे दोन ठिपके भिंतीवर पाहा. एक मेणबत्ती झाकली तर कोणता ठिपका जाईल, डावा की उजवा? आधी घरातल्या प्रत्येकाला अंदाज सांगायला लावा, मग झाका. हजार वर्षांपूर्वीचा तो उस्ताद त्या क्षणी तुमच्या घरी आलेला असेल.