डायब्लो (स्पीडरन)

डायब्लो स्पीडरन म्हणजे 'डायब्लो' हा संगणकीय खेळ आरंभापासून अखेरपर्यंत कमीत कमी वेळात पूर्ण करण्याचा प्रयत्न होय. सामान्य खेळाडूला हा खेळ संपवण्यास अनेक तास लागतात. निष्णात खेळाडू तो काही मिनिटांत संपवतात. २००९ साली नोंदवलेली ३ मिनिटे १२ सेकंदांची खेळी दीर्घकाळ या खेळातील सर्वोत्तम मानली जात होती. २०२४ मध्ये सुरू झालेल्या तपासणीनंतर ती अमान्य ठरली. संगणकीय खेळातील विक्रमांची पडताळणी गणिताच्या साहाय्याने कशी करता येते, याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

मूळ खेळ

'डायब्लो' हा ॲक्शन रोल-प्लेइंग प्रकारातील खेळ ब्लिझार्ड नॉर्थ या संस्थेने तयार केला आणि ब्लिझार्ड एंटरटेनमेंटने १९९६ च्या अखेरीस प्रकाशित केला. डेव्हिड ब्रेविक हे त्याच्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक. आरंभीच्या आराखड्यात खेळाडू व शत्रू आळीपाळीने चाल करीत. पुढे सर्व हालचाली एकाच वेळी घडतील असा बदल करण्यात आला. या बदलामुळेच खेळाला वेग आला.

कथा ट्रिस्ट्रम या गावात घडते. गावातील चर्चखाली १६ पातळ्यांचे भुयार असून चर्च, तळघरे, गुहा व नरक असे त्याचे प्रत्येकी ४ पातळ्यांचे चार भाग आहेत. सर्वांत खालच्या पातळीवरील डायब्लो या असुराचा वध केला की खेळ संपतो. खेळाडूला योद्धा, रोग व सॉर्सरर यांपैकी एक पात्र निवडता येते. रोग ही धनुर्विद्येत निपुण स्त्री असून सॉर्सरर हा मांत्रिक आहे.

भुयाराची यादृच्छिक रचना

या खेळाचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे भुयाराची रचना प्रत्येक नव्या खेळात बदलते. भिंती, जिने, शत्रू व वस्तू यांची जागा आधीपासून ठरलेली नसते. मात्र ही रचना खऱ्या अर्थाने यादृच्छिक नाही. नवा खेळ सुरू होताना संगणकाच्या घड्याळातील दिनांक व वेळ यांवरून एक संख्या घेतली जाते. तिला 'बीज' म्हणतात. बीजाला २,२६,९५,४७७ ने गुणायचे, त्यात १ मिळवायचा व उत्तर ठरावीक मर्यादेत ठेवायचे. ही क्रिया पुनःपुन्हा करून पुढील संख्या मिळवल्या जातात. त्यांतूनच प्रत्येक पातळीचे स्वतंत्र बीज ठरते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बीज तेच असेल तर भुयारही तेच असते. दुसरी, सर्व पातळ्या एकाच आरंभीच्या बीजातून निघत असल्याने एका खेळातील तिसरी पातळी व दुसऱ्या खेळातील नववी पातळी एकत्र आणता येत नाहीत.

वेगवान खेळीची तंत्रे

वेगवान खेळीसाठी सॉर्सररला पसंती दिली जाते. त्याच्या 'टेलिपोर्ट' मंत्राने भिंत ओलांडून क्षणात पलीकडे जाता येते, त्यामुळे बहुतेक शत्रूंशी लढावेच लागत नाही. खेळाच्या आज्ञावलीतील काही दोषांचा लाभ घेणेही नियमांना धरून असते. तथापि, वेळ मुख्यतः ठरतो तो वर येणारा व खाली जाणारा जिना एकमेकांपासून किती दूर आहेत यावर. म्हणून अनुकूल भुयार मिळेपर्यंत खेळाडू पुनःपुन्हा नवा खेळ सुरू करतात.

खेळीचे दोन प्रकार मानले जातात. अखंड खेळी एका बैठकीत पूर्ण होते. खंडित खेळीत खेळ मध्ये जतन करून, तेथून पुढचा भाग मनासारखा जमेपर्यंत पुन्हा खेळता येतो. खंडित खेळीतही सर्व खंड एकाच खेळाचे असणे अपेक्षित असते.

२००९ ची नोंद व तिची तपासणी

२००९ साली 'ग्रूबो' या टोपणनावाच्या खेळाडूची सॉर्सररसह केलेली ३ मिनिटे १२ सेकंदांची खंडित खेळी स्पीड डेमोज आर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सनेही तिची दखल घेतली. या खेळीत पातळीमागून पातळीवर दोन्ही जिने आश्चर्यकारकरीत्या जवळ आढळतात.

२०२४ मध्ये ॲलन सेसिल यांच्या पुढाकाराने एका गटाने याच खेळाची साधन-साहाय्यित खेळी तयार करण्याचे काम हाती घेतले. अशा खेळीत मानवी हातांऐवजी संगणकाद्वारे अचूक आज्ञा दिल्या जातात. ग्रूबोला लाभलेले भुयार शोधण्याचा प्रयत्न असफल ठरल्यावर गटाला शंका आली. खेळाची आज्ञावली २०१८ मध्ये उलट-अभियांत्रिकीने उलगडली गेली होती. तिच्या आधारे केवळ नकाशे निर्माण करणारे साधन तयार करण्यात आले. खेळ स्वीकारू शकेल अशा १९७० ते २०३८ या काळातील प्रत्येक सेकंदाचे बीज, म्हणजे सुमारे २२० कोटी भुयारे, तपासण्यात आली. चित्रफितीतील पातळ्यांचा क्रम त्यांपैकी एकातही आढळला नाही. वेगवेगळ्या खेळांतील भाग जोडल्याशिवाय वा खेळात फेरफार केल्याशिवाय अशी चित्रफीत तयार होऊ शकत नाही, असा निष्कर्ष गटाने काढला.

आपली खेळी खंडित व जोडलेली होती, ते कधीही लपवले नव्हते आणि ती कोणत्याही स्पर्धेचा भाग नव्हती, अशी भूमिका ग्रूबोने मांडली. आक्षेप मात्र खंड जोडण्याला नव्हता. ते खंड एकाच खेळाचे नसण्याला होता. त्यानंतर स्पीड डेमोज आर्काइव्हने ही खेळी यादीतून वगळली व गिनेसनेही आपली नोंद काढून घेतली.

महत्त्व

स्पीडरनच्या क्षेत्रात नोंदींची तपासणी बहुधा स्वयंसेवक करतात आणि सारा व्यवहार परस्परविश्वासावर चालतो. गाठता न येणारी नोंद शिखरावर राहिली, तर प्रामाणिक खेळाडूची चांगली वेळही अपुरी भासते व नवे खेळाडू प्रयत्न सोडून देतात. येथे भुयारांची संख्या मोजता येण्याजोगी होती, म्हणूनच 'असे भुयार संभवतच नाही' हे विधान सिद्ध करता आले. केवळ चित्रफीत पाहून ते शक्य झाले नसते.

हे सुद्धा पहा

संगणकीय खेळ
छद्म-यादृच्छिक संख्या
उलट-अभियांत्रिकी