माचू पिचूची वाट आणि ओझे वाहणारी माणसे

पेरू देशातील अँडीज पर्वतात इंका लोकांनी बांधलेली एक दगडी वाट आजही पायाखाली येते. उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यातून निघणारी ही सुमारे 43 किलोमीटरची वाट चौथ्या दिवशी माचू पिचूच्या अवशेषांपाशी पोहोचते. मधल्या तीन रात्री तंबूत काढायच्या.

दुसऱ्या दिवशी 4,215 मीटर उंचीची खिंड लागते. हवा विरळ, दर दहा पावलांवर दम लागतो. ती ओलांडून प्रवासी पाकायमायोच्या मुक्कामी उतरतो, तेव्हा तंबू ठोकलेले असतात आणि चहाचे पाणी उकळत असते. त्याच्यानंतर निघून, पाठीवर ओझे घेऊन, त्याच्या आधी पोहोचलेल्या हमालांनी हे केलेले असते. त्यातले बहुतेक केचुआ भाषक शेतकरी आहेत. केचुआ हीच इंका राज्याची भाषा.

डोंगरातला मुक्काम ही इथे नवी गोष्ट नाही. इंकांचे रस्ते आजच्या सहा देशांत पसरलेले होते आणि 2014 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. ठरावीक अंतरावर ‘तांबो’ असत. आपल्याकडच्या सराईसारखीच ही सोय. मात्र ती व्यापाऱ्यांपेक्षा सैन्य, अधिकारी आणि सरकारी कामावर निघालेल्या लोकांसाठी होती. तिथे धान्य व कपड्यांचा साठा असे. निरोप पोहोचवणारे ‘चास्की’ टप्प्याटप्प्याने धावत. घोडा नव्हता, गाडीचे चाक नव्हते. जे काही गेले ते माणसाच्या आणि लामाच्या पाठीवरून. रस्ते आणि तांबो प्रजेच्या सक्तीच्या श्रमसेवेतून, म्हणजे ‘मिता’तून उभे राहिले. पंधराव्या शतकात पचाकुती राजाच्या काळात माचू पिचू बांधले गेले तेही याच श्रमातून. त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

इंकांकडे गाठी मारलेल्या दोऱ्यांचे ‘किपू’ होते, पण कागदावरची लिपी नव्हती. 1532 मध्ये स्पॅनिश आले आणि पराभूतांचा इतिहास बव्हंशी जेत्यांच्या लेखणीतून उतरला.

हाच प्रकार 1911 मध्ये पुन्हा घडला. अमेरिकन प्राध्यापक हायरम बिंगहॅम यांनी माचू पिचूचा ‘शोध’ लावला असे आपण शाळेपासून वाचतो. प्रत्यक्षात मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने त्यांना डोंगरावर नेले. वर शेतकरी कुटुंबे राहत होती, इंकांच्याच पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात पिके घेत होती. त्यांच्यातल्या एका लहान मुलाने पाहुण्यांना अवशेष दाखवले. तिथल्या एका भिंतीवर आगुस्तीन लिसारागा हे नाव आणि 1902 हे साल लिहिलेले होते. बिंगहॅम यांनी ते आपल्या वहीत टिपूनही घेतले. तरी जगाच्या तोंडी नाव राहिले बिंगहॅम यांचेच. ज्या जागी माणसे राहत होती, ती ‘हरवलेली’ कशी?

हमालांच्या पाठीवरचे ओझे 20 किलोंपेक्षा जास्त नसावे, असा कायदा पेरूने 2001 साली केला. वाटेवर दिवसाला 500 माणसांनाच परवानगी मिळते आणि त्यातले निम्म्याहून अधिक हमाल, आचारी व वाटाडे असतात.

चौथ्या दिवशी पहाटे प्रवासी सूर्यद्वारातून माचू पिचू पाहायला निघतात. त्या वेळी हमाल तंबू गुंडाळून बहुधा खाली रेल्वेकडे उतरत असतात. ज्यांच्या पूर्वजांनी दगड वर चढवले, ते आजही ओझे घेऊन बाजूच्या वाटेने परततात. इतिहास वाचताना नजर त्या बाजूच्या वाटेकडेही जायला हवी.