संगणकातील दीर्घिका

एका दीर्घिकेची घडण अब्जावधी वर्षे चालते. माणसाचे आयुष्य तिच्यापुढे पळभराचे. म्हणून शास्त्रज्ञ संगणकात असंख्य कण मांडून ते गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने चालवतात. त्यांचे पुंजके बनतात आणि त्यांतून दीर्घिकांचा जन्म उलगडतो.

१९८८ साली पुण्यात ‘आयुका’ स्थापन झाली. संस्थापक-संचालक जयंत नारळीकर. त्यांचे शिष्य थानू पद्मनाभन. पद्मनाभनांचे शिष्य जसजीत बागला. बागलांनी २००२ मध्ये ‘ट्रीपीएम’ ही गणनपद्धती मांडली: जवळच्या कणांचे आकर्षण बारकाईने मोजायचे, दूरच्यांचे जाळीवर. २००५ च्या ‘मिलेनियम’ प्रयोगात शास्त्रज्ञांनी अशाच पद्धतीने सुमारे १००० कोटी कण हाताळले.

पद्मनाभन २०२१ मध्ये गेले, नारळीकर २०२५ मध्ये. सुरतेच्या या शाळेत गुरुजींचे स्मरण करताना मला वाटते, संगणक जुने होतात. शिष्याच्या हाती दिलेला प्रश्न जुना होत नाही.