काशीबाई कानिटकर : ‘पहिली’ या विशेषणापलीकडे

मराठी कादंबरीच्या इतिहासात काशीबाई कानिटकर (१८६१-१९४८) यांचा निर्देश बहुधा ‘पहिल्या महत्त्वाच्या स्त्री-कादंबरीकार’ असा होतो. वस्तुतः साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कादंबरी १८७३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तेव्हा काशीबाईंचे महत्त्व अग्रक्रमात नसून त्यांनी उभ्या केलेल्या प्रश्नांत शोधावे लागते.

बापट घराण्यात जन्मलेल्या काशीबाईंचा विवाह नवव्या वर्षी झाला. माहेरी त्यांना अक्षरओळख झाली नव्हती. सुशिक्षित पत्नीची अपेक्षा बाळगणारे पती गोविंद वासुदेव कानिटकर हे कवी व भाषांतरकार होते. मिलच्या स्त्रीदास्यविषयक ग्रंथाचे मराठी रूपांतरही त्यांनी केले. पतीची इच्छा आणि घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध यांच्या कात्रीत काशीबाई वाचू लागल्या. हरिभाऊ आपटे यांच्याशी असलेल्या स्नेहाने त्यांच्या लेखनाला बळ दिले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र, ‘रंगराव’ (१९०३) आणि ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय.

यांपैकी ‘पालखीचा गोंडा’ विशेष विचारात घ्यावी लागते. तिची नायिका रेवती एका छोट्या संस्थानाच्या बुद्धिमंद अधिपतीशी विवाहबद्ध होते आणि राज्यकारभार हाती घेऊन स्त्री-पुरुषसमतेवर आधारलेली व्यवस्था घडवू पाहते. रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) मधील स्त्रीराज्य स्वप्नात अवतरते. काशीबाईंचे राज्य विवाहसंस्थेच्या चौकटीतच उभे राहते.

येथेच या कल्पनेची मर्यादा आणि तिचा प्रामाणिकपणाही दिसून येतो. रेवतीला सत्ता मिळते ती पती असमर्थ असल्यामुळे. काशीबाईंना लेखणी मिळाली ती पतीला तसे हवे होते म्हणून. दोन्ही ठिकाणी स्त्रीच्या कर्तृत्वाची वाट पतीवरूनच जाते. त्या वाटेचे मोल काय, हे काशीबाई जाणून होत्या, याची साक्ष सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात मिळते.

त्यांच्याकडे केवळ पतीची शिष्या किंवा हरिभाऊंची स्नेही म्हणून पाहिल्यास ही जाण दृष्टीआड होते. अनुमतीने मिळालेल्या शिक्षणातून अनुमतीची गरजच न उरणाऱ्या समाजाचे चित्र रेखाटणे, हे त्यांचे खरे साहित्यिक कार्य म्हणता येईल.