तालीम कुणी करायची? मराठी नटाच्या तयारीचा थोडा इतिहास

(द्रोणागिरी, ता. उरण इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

सुरुवात एका प्रश्नानं करतो. प्रश्न माझा नाही, तुमच्याच भागातल्या एका मुलाचा आहे. इथली काही मुलं चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर एकांकिका बसवतायत. त्यातला नाग्या कातकरी करणारा मुलगा मला म्हणाला, "सर, संवाद पाठ झाले. आता अभ्यास करायचा तर कुठून सुरू करू?" मी त्याला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. चार पुस्तकांची नावं सांगितली आणि सुटका करून घेतली. तो आज इथे मागे बसलाय. म्हणून विषय हाच घेतला.

आधी शब्दाकडे बघू. तालीम. मूळ अरबी शब्द, अर्थ शिकवणं, शिक्षण. कोल्हापूरला तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा. नाटकवाल्यांनीही हाच शब्द घेतला, आणि तो अगदी बरोबर होता, कारण आपल्याकडे बराच काळ नट तालीम 'करत' नव्हता, त्याला तालीम 'दिली' जात होती. देणारा वस्ताद वेगळा, घेणारा वेगळा.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या नाटकांत पद्यं सूत्रधार म्हणे. त्यातला प्रसंग धरून पात्रं आपापलं गद्य बोलत, तेही बरंचसं आयत्या वेळी. म्हणजे पाठांतर असं फारसं नव्हतंच. राक्षस कसा असतो, देव कसा असतो, हे नटाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही आधीच ठाऊक होतं. आपल्या कोकणातल्या दशावतारात आजही पात्रं लिहिलेल्या संहितेशिवाय रात्र रंगवतात. त्यांना कुणी 'रावणाच्या स्वभावाचा अभ्यास केलात का' असं विचारलं, तर ते हसतील. रावण त्यांच्या घरातला आहे.

अडचण सुरू झाली ती घरातलं नसलेलं पात्र आलं तेव्हा. गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' या नावानं. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, त्या काळातलं हे काम. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी हा मराठी हॅम्लेट, चंद्रसेन, असा गाजवला की तो त्यांचाच होऊन गेला. आता गंमत बघा. गणपतरावांचं शालेय शिक्षण बेताचं. डेन्मार्क कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलं असेल तेवढंच. मग भूमिकेचा अभ्यास कुणी केला? पुण्यातल्या प्राध्यापकांनी. फर्ग्युसनचे वासुदेव बाळकृष्ण केळकर, ज्यांनी 'त्राटिका' लिहिलं, ते या मंडळींना शिकवत. पात्र असं का वागतं, इथे आवाज का चढतो, हे पंडितानं समजावायचं आणि नटानं गळ्यात उतरवायचं. नटाच्या हातात असे ती त्याची 'नक्कल', म्हणजे त्याच्या वाट्याची भाषणं उतरवलेले कागद.

याला तुच्छतेनं हसू नका. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर असला की काय होतं, हे त्या पिढीच्या नटांनी कृतज्ञतेनं सांगितलंय. देवल स्वतः नट होते, लेखक होते, 'शारदा' त्यांचं. एकेका वाक्याचा अर्थ लावून ते घोटून घेत. पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती : माणूस समजून घेण्याचं काम मास्तरांचं, उभा करण्याचं काम नटाचं.

हे गृहीत हळूहळू मोडलं. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आलं, नाट्यमन्वंतर संस्थेचं. केशवराव दात्यांचं दिग्दर्शन, आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केलेल्या. स्वगत गेलं, घरातल्यासारखं बोलणं आलं. घरातल्यासारखं बोलायचं म्हटलं की मास्तरांची चढ-उताराची पट्टी उपयोगी पडत नाही. पुढे के. नारायण काळ्यांनी स्तानिस्लाव्स्कीचे विचार मराठीत आणले. काही लोक म्हणतात की भूमिकेचा अभ्यास आपल्याकडे तिथून सुरू झाला. मला हे पटत नाही. अभ्यास होताच, तो करणारा माणूस बदलला.

आता थोडं थांबून एक तालीम बघू. 'शांतता! कोर्ट चालू आहे', डिसेंबर १९६७, राज्य नाट्य स्पर्धा, रंगायनची निर्मिती. तेंडुलकरांना विषय कुठे मिळाला? हौशी नाटकवाल्यांच्या एका टोळीला विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायचा होता, त्यांच्याबरोबर जाता जाता त्यांच्या गप्पा कानावर पडल्या. नाटकाच्या शेवटाला लीला बेणारेला आरोपी म्हणून बोलायला दहा सेकंद मिळतात, आणि त्या दहा सेकंदांत बाकी सगळी पात्रं गोठून उभी राहतात आणि बाई बोलते. ते लांबलचक स्वगत आज मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत ओळखीच्या भाषणांपैकी एक आहे. ते तेंडुलकरांना लिहायचंच नव्हतं. त्यांचं म्हणणं, ही बाई अशा वेळी बोलणार नाही. दिग्दर्शक अरविंद देशपांडे हटून बसले. प्रयोग तोंडावर आला तेव्हा ते लिहून झालं, आणि सुलभा देशपांड्यांनी ते अपुऱ्या वेळात उभं केलं.

यात कोण बरोबर होतं? मला विचाराल तर दोघंही. तेंडुलकर म्हणाले तसं, बेणारे त्या लोकांपुढे बोलतच नाही, म्हणून तर ते गोठलेले असतात. ती बोलते ते फक्त आपल्याला ऐकू येतं. पण हे उत्तर लेखकाच्या टेबलावर सापडलेलं नव्हतं. रोज तालमीत एक बाई दोन अंक घेरली जाते, सोलली जाते, आणि मग तिला गप्प ठेवायचं, हे तालमीत उभं राहून बघणाऱ्याला सहन होत नव्हतं. तालमीनं संहितेला प्रश्न विचारला. गणपतराव जोशींच्या काळात हे कल्पनेतही आलं नसतं.

आणि आता डॉक्टर. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात पीडीएमध्ये भालबा केळकरांबरोबर नाटकं केली, परदेशात शिकले, आफ्रिकेत व्यवसाय केला, आणि १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. त्यानंतर वर्षभरातच, २३ डिसेंबर १९७० ला, 'नटसम्राट'. कुसुमाग्रजांचं, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं.

या भूमिकेचा पेच बघा. अप्पासाहेब बेलवलकर हा निवृत्त नट. नाटकात त्याला मधूनच जुन्या भूमिकांची आठवण होते आणि तो त्या करून दाखवतो. म्हणजे लागूंना म्हातारा तर करायचाच होता, शिवाय त्या म्हाताऱ्याची अभिनयाची शैली करायची होती, जी त्यांची स्वतःची नव्हती. लागू नव्या, संयत पद्धतीचे. बेलवलकर हा पल्लेदार आवाजाच्या, गणपतराव जोशी ते नानासाहेब फाटक या परंपरेतला. त्याचं पहिलं नावही गणपतराव आहे, आणि ते योगायोगानं आलं असेल असं मला तरी वाटत नाही. थट्टा वाटली तर नाटक पडलं, आणि खरीच जुनी पद्धत सगळीकडे वापरली तरी पडलं. घरातल्या प्रसंगात एक आवाज, आठवणीतल्या रंगमंचावर दुसरा, आणि शेवटाकडे दोन्हींतली भिंत कोसळलेली. इथे भूमिकेचा अभ्यास म्हणजे अभिनयाच्या इतिहासाचाच अभ्यास होता. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर केला, आणि प्रत्येकाला ही भिंत नव्यानं बांधावी लागली.

पण आपल्या मुलाच्या प्रश्नाला जास्त जवळची भूमिका वेगळी आहे. १९७२ सालचं वसंत कानेटकरांचं 'हिमालयाची सावली'. लागूंनी नानासाहेब भानू केले, शांता जोगांनी बयो. नावं बदललेली, पण हे महर्षी कर्वे आणि आनंदीबाई कर्वे यांच्यावर बेतलंय हे सगळ्यांना कळत होतं. कर्वे गेले १९६२ ला, वयाच्या १०४ व्या वर्षी. म्हणजे नाटक आलं तेव्हा दहाच वर्षं झालेली. पुण्याच्या प्रयोगाला बसलेल्या कितीतरी लोकांनी अण्णांना डोळ्यांनी पाहिलेलं, त्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाया समोर बसलेल्या. हिंगण्याहून चिखल तुडवत कॉलेजात शिकवायला येणारा हा माणूस पुण्याच्या बोलण्यातला माणूस होता.

अशा वेळी नट काय करेल? सोपं म्हणजे दाढी, उपरणं, चाल. फोटोवरून ते सगळं मिळतं. पण नाटक फोटोतल्या कर्व्यांचं नाहीच. ते घरातल्या माणसाचं आहे, ज्याच्या मोठेपणाची किंमत बायको मोजते. फोटो बाहेरच्या माणसाचा असतो. आतला माणूस सापडतो आनंदीबाईंच्या 'माझे पुराण' या आत्मकथनात. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ साली कर्व्यांशी लग्न. त्या नवऱ्याविषयी आदरानं लिहितात आणि जे खटकलं तेही लिहितात. मी दर वर्षी विद्यार्थ्यांना हे सांगतो : मोठ्या माणसाची भूमिका करायची असेल तर त्याचं चरित्र नंतर वाचा, आधी त्याच्या घरच्यांनी काय लिहिलंय ते शोधा. आणि त्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नसेल, तर तेही लक्षात घ्या.

ऐतिहासिक माणूस उभा करणं निर्धोक नसतं. त्याच १९७२ च्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' आलं, मोहन आगाशे नाना फडणवीस. नानांच्या चित्रणावरून एवढं वादळ उठलं की १९ प्रयोगांनंतर पीडीएनं नाटक थांबवलं, आणि कलाकारांनी बाहेर पडून १९७३ साली थिएटर अॅकॅडमी काढली. नाना जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली होती, तरी ही गत. चिरनेरला तर अजून शंभरही झालेली नाहीत.

तर आता चिरनेर. २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीचा डोंगर. जंगलाचा कायदा मोडायला आलेले गावोगावचे लोक, पोलिसांचा गोळीबार. मरणाऱ्यांत नाग्या महादू कातकरी आहे, आणि त्याच गोळीबारात मामलेदार जोशीही गेले. आपण बसलोय तिथून डोंगर फार लांब नाही. या तालुक्यात त्या दिवसाची आठवण सांगणारी घरं आहेत. जानेवारी १९८४ चा गोळीबार तर इथे बसलेल्या काहींनी स्वतः पाहिलाय.

नाग्यानं 'पुराण' लिहिलं नाही. त्याच्या घरच्यांनीही नाही. सरकारी कागदात तो येतो, पण तो सरकारच्या बाजूनं. मग नटानं काय वाचायचं? पहिली गोष्ट, आडनाव. कातकरी हे नाव कातावरून आलंय. खैराच्या झाडापासून कात काढणं हा या समाजाचा जुना धंदा. जंगल सरकारनं राखीव केलं की आधी याचाच हात कापला जातो. बाकीच्या सत्याग्रहींसाठी झाड तोडणं हे कायदा मोडण्याचं चिन्ह असेल. त्याच्यासाठी तो कालपर्यंतचा रोजचा उद्योग आहे. मग कोयता उचलताना त्याच्या चेहऱ्यावर आवेश येईल का? मला शंका आहे. सवयीचं काम करताना माणूस आवेशात नसतो. एकांकिकेच्या संहितेत त्या जागी एक घोषणा आहे, मी वाचलंय. तालमीत ती एकदा गाळून बघा, एवढंच म्हणतो. लेखक रागावला तर तेंडुलकरांचं उदाहरण द्या.

दुसरी गोष्ट, भाषा. आपल्या मुख्य रंगभूमीनं आगरी-कोळी बोलीला बहुतेक वेळा हशा मिळवण्यासाठी वापरलंय. 'ती फुलराणी'त भक्ती बर्वेंनी दाखवलं की बोली ही हसण्याची वस्तू नसून त्या मुलीचा कणा आहे. पण तसं क्वचित. आणि कातकऱ्याची बोली ही आगऱ्याची बोली नव्हे, हे तर आपल्यालाही कितीजणांना जाणवतं? वाडीवर जाऊन बसावं लागेल. टेप घेऊन नाही, आधी नुसतं. दोन-तीन वेळा गेल्यावर ते विचारतील, का येतोस. तेव्हा खरं सांगायचं.

मागून चिठ्ठी आली आहे. त्याचीच आहे. विचारतोय, "डोंगरावर आधी जाऊ की वाडीवर?"

वाडीवर. आणि डोंगरावर जायचं तर सप्टेंबरच्या अखेरीला जा, आज नको. तेव्हा खाली भात उभं असतं, गवत कमरेएवढं, पाऊस मधूनच येतो आणि ऊन पडलं की अंग चिकचिकतं. त्या गवतातून चढून गेल्यावर किती दम लागतो ते कळेल, आणि तुझं पहिलं वाक्य त्या दमातलं आहे. बूट घालून जाऊ नकोस म्हणणार होतो, पण साप असतात. घालून जा.